नाक्याच्या अलीकडं

माझ्या गहिनीमामाला लोक नशिबाचा खोटा म्हणतात. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नशीब उलटून बोलत नाही, म्हणून त्याच्या माथी काहीही मारायला सोपं जातं. मामाचं जे झालं ते आमच्या धारूरच्या अंगणात, भर सकाळी, गूळपाणी पीत बसलेल्या चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ठरवलं. त्यातला प्रत्येक जण त्याच्यावर जीव टाकणारा होता. दुष्ट असते तर निदान त्यांना शिव्या तरी घालता आल्या असत्या.

गहिनीनाथ हा माझ्या आईचा थोरला भाऊ. आजोबा, उत्तरेश्वर त्यांचं नाव, धारूरच्या किल्ल्याखालच्या उतरणीला ज्वारी आणि करडई पिकवायचे. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मामा अभ्यासात हुशार निघाला. मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, शाळेत तो उर्दूतून शिकला आणि पुढं कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याला बोर्डिंगात राहून बी. ए. झाला. इंग्रजी एकोणीसशे पंचवीस-सव्वीस साल असेल. निजामाच्या मुलखातल्या कुणब्याच्या घरात बी. ए. म्हणजे लोक लांबून बघायला यायचे. बघून काय कळायचं कोण जाणे, पण यायचे.

त्याचा मुख्य विषय इंग्रजी. दुसरी भाषा संस्कृत घ्यायची त्याची इच्छा होती, पण त्या वर्गात शेजारच्या पोरांनी असं काही नाक मुरडलं, की तो उठला आणि फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसला. तिथं मोजकी पोरं असायची आणि कुणी कुणाची जात विचारायचं नाही. मामाचा जीव तिथं जडला तो जडलाच. सुट्टीत घरी आला की औत हाकताना तो बैलांशी फ्रेंच बोलायचा. ती भाषा म्हणे निम्मी नाकातून बोलतात. माझी आजी भिवराबाई बांधावरून ऐकायची आणि पोराला पुण्याची हवा बाधली म्हणून सुंठ उगाळून त्याच्या कपाळाला लेप द्यायची. मामा मुकाट लावून घ्यायचा आणि तसाच बोलत राहायचा.

त्याला मास्तर व्हायचं होतं. वकिली नको, कचेरी नको. आणि मास्तर तरी कुणाचा, तर आपल्या भागातल्या पोरांचा. मोमिनाबादच्या शाळेत तो स्वतः इंग्रजी कसं शिकला होता ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. मास्तर इंग्रजी शब्द उच्चारायचे आणि त्याचा अर्थ उर्दूत सांगायचे, पोरं मराठी. एक न कळणारी गोष्ट दुसऱ्या न कळणाऱ्या गोष्टीतून समजून घ्यायची. मामा म्हणायचा, चाळणीनं पाणी शेंदायचं काम होतं ते, आमच्यातल्या निम्म्यांनी तिथंच शाळा सोडली. अशी पोरं पुन्हा सुटू नयेत, एवढीच त्याची हाव होती.

मास्तरकीची पदवी घ्यायची तर वाटा दोन. एक मुंबईची. तिथल्या ट्रेनिंग कॉलेजात बी. टी. करायचं, इंग्रजी कसं शिकवावं आणि फ्रेंच कसं शिकवावं हे दोन्ही शिकायचं. पुण्याच्या प्रोफेसरांनी शब्द टाकायचं कबूल केलं होतं. नंतरची सोयही झाल्यातच जमा होती. बार्शीच्या एका शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, पदवी घेऊन या, इंग्रजीचे वर्ग तुमचे, आणि चारदोन पोरं निघाली तर फ्रेंचही सुरू करू. दुसरी वाट हैदराबादची. तिथं फक्त इंग्रजीचं ट्रेनिंग, तेही सगळं उर्दूतून. पण सरकारचा वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळणार आणि पुढं सरकारी नोकरी.

मामाचं मन मुंबईच्या बाजूला झुकलेलं होतं. घोडं अडलं ते नाक्यावर.

आता नाका काय ते सांगायला हवं. निजामाची हद्द संपून इंग्रजांची सुरू व्हायची, तिथं प्रत्येक रस्त्यावर करोडगिरीचा नाका असायचा. माल नेणाऱ्या-आणणाऱ्यानं तिथं थांबून जकात भरायची. बार्शीच्या रस्त्यावरही तसा नाका होता. शिपाई गाड्या सोडायला लावायचे, पोती फोडायचे, बायकांची गाठोडी उलगडून बघायचे. माझी आजी नवी नवरी असताना एकदाच तिकडं गेली होती. नाक्यावर तिच्या लुगड्यांची घडी एका शिपायानं काठीनं उचलून सगळ्या गाड्यांसमोर हवेत धरली. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. पुढं तिचा भाऊ आसाराम नाका ओलांडून सोलापूरच्या गिरणीत गेला आणि परत आला नाही. मेला की तिकडंच रमला, काहीच कळलं नाही. तेव्हापासून आजीच्या लेखी जग दोनच भागांत होतं. नाक्याच्या अलीकडं घर, पलीकडं माणूस गेला तो गेला. मामा पुण्याला होता तेवढी वर्षं तिनं देव पाण्यात ठेवून काढली होती.

आणि ही एकट्या आजीची समजूत नव्हती. आमच्याकडं सगळेच लांब-जवळ नाक्यावरून मोजायचे. हैदराबादला गावातलं कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळं ते किती लांब हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण मधे नाका नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं.

तर त्या सकाळी अंगणात मोहनराव येऊन बसले. मोठी जमीन, अंगात शेरवानी, अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे निजामी कलेक्टराच्या, कचेरीत ऊठबस. गावात त्यांचा शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता. आपल्या गावचा ग्रॅज्युएट म्हणून मामाचा त्यांना खरंच अभिमान होता.

"मुंबईची डिग्री घिऊन काय करतूस बे?" ते मामाला म्हणाले. "हैदराबादची घे. मी तालुकदारसाहेबापाशी बोलतो. मोमिनाबादच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून तुला बशिवतो का न्हाई, बघ."

मोमिनाबाद म्हटल्यावर मामाची चलबिचल झाली. ज्या शाळेत तो स्वतः चाचपडला होता तीच शाळा. तरी तो म्हणाला, "राव, बार्शीचे हेडमास्तर पदवी घिऊन या म्हणलेत. बार्शी तर दोन मुक्कामावर हाय."

"बार्शी नाक्याच्या पल्याड हाय," आजी चुलीपासून म्हणाली.

"माय, हैदराबाद कुठं हाय म्हाईत तरी हाय का तुला? रेल्वेत बसून जावं लागतंय."

"आसंना का कुठं बी. मंदी नाका हाय का?"

"न्हाई."

"मग घरीच हाय."

सगळे हसले. मामासुद्धा हसला. माझी आई शिवकन्या तेव्हा परकरात होती, जात्यापाशी बसलेली. ती म्हणाली, "बार्शीच जवळ हाय की. आबा बार्शीचा बाजार करून आठवड्यात माघारी येतेत."

"पोरीच्या जातीनं मधी बोलू न्हाई," आजीनं तिला गप्प केलं.

मला राग येतो तो आजोबांचा. दर वर्षी करडईची गाडी घेऊन ते बार्शीला जायचे. त्या रस्त्यावरचा ओढा न् ओढा त्यांना ठाऊक होता. आपल्या लेकीचं खरं आहे, हे त्या अंगणात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. एक शब्द बोलले असते तर! पण ते आजीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुजी माय म्हणती तसं कर." बायकोची लुगडी काठीवर टांगली गेली तेव्हा तेही तिथंच उभे होते आणि तेव्हाही मूग गिळून राहिले होते. त्याची भरपाई त्यांनी लेकाचं आयुष्य देऊन केली, असं मी म्हणते. आई म्हणायची, असं बोलू नये. मी बोलते.

मामावर कुणी जबरदस्ती केली नाही, हेही सांगायला हवं. तो उठून रानात गेला, दिवसभर तिथंच होता. तिन्हीसांजेला आला आणि बायकोला, कौशल्यामामीला, म्हणाला, "फ्रेंच गेलं तर गेलं. पोरं तर आपली मिळतील." आणि तो हैदराबादला गेला.

तिथं इंग्रजी कसं शिकवावं यावर सगळी व्याख्यानं उर्दूत. मामाला उर्दू चांगलं येत होतं, त्याचा पहिला नंबर आला. वजीफ्यासाठी एक करारनामा करून द्यावा लागला होता: इतकी वर्षं सरकारची नोकरी करीन, सरकार पाठवील तिथं. मामानं तो नीट वाचून सही केली. त्याला शंकाच आली नाही. सरकार आपलं, मुलूख आपला, पाठवून पाठवून पाठवणार कुठं? पुण्याला जाऊन शिकून आलेला हा माणूस, पण आतून तोही नाक्याच्या अलीकडंच राहणारा होता.

पास झाल्यावर तो नेमणुकीसाठी एका साहेबापुढं उभा राहिला आणि मोमिनाबाद मागितलं. साहेब हसला.

"घर के मदरसे में घर का उस्ताद? फिर तो सब भतीजे पास!"

मामा काही बोलणार, तेवढ्यात त्यानं समजूत घातली, "मियाँ, मुल्क तो एक ही है सरकार का. यहाँ क्या और वहाँ क्या?"

म्हणजे तो साहेब आणि माझी आजी यांचं अगदी एकमत होतं.

मामाला पाठवलं ते पार पूर्वेला, तेलुगू मुलखात, गोदावरीकाठच्या एका तालुक्याच्या गावी. मोहनराव शेरवानी घालून तालुकदाराकडं गेले. त्यांना पान मिळालं, अत्तर मिळालं आणि ते परत आले. त्यानंतर बरेच दिवस ते आमच्या घरावरून जायचं टाळत होते.

आजीला मात्र सुरुवातीला काही वाटलं नाही. गोदावरीला आमच्याकडं गंगा म्हणतात, आणि गंगा आपल्याच जिल्ह्याच्या कडेनं वाहते. तिनं बायकांना सांगितलं, "लेक लांब न्हाई. गंगेच्याच काठी हाय, खालच्या अंगाला." जसं काही ओंजळभर फुलं सोडली की त्याच्या घाटावर जाऊन लागतील.

तिकडं मामापुढं बसायची ती तेलुगू पोरं. त्यांना उर्दू येत नव्हतं, याला तेलुगू येत नव्हतं, आणि इंग्रजी उर्दूतूनच शिकवायचा हुकूम. ज्या चाळणीतून त्याला आपली पोरं सोडवायची होती तीच चाळणी धरून तो परक्या पोरांसमोर उभा राहिला. पहिलं वर्ष तसंच गेलं. मग त्यानं तेलुगू शिकायला घेतलं. मामी त्याच्या आधी शिकली, बाजारात घासाघीस करून करून. तो गपचूप पोरांना त्यांच्या भाषेत अर्थ सांगू लागला, आणि तपासणीला कुणी आलं की उर्दूत. चांगला मास्तर होता तो. तिकडची माणसं त्याला 'मराठी पंतुलू' म्हणायची, म्हणजे मराठी गुरुजी. पण हे सगळं त्याला मोमिनाबादेत करायचं होतं.

फ्रेंच तिथं बोलणार कुणाशी? आधी आधी आंघोळ करताना तो एकटाच बोलायचा आणि मामी बाहेरून चेष्टा करायची, की सुंठ आणू का. एक दिवस तिच्या ध्यानात आलं, की ते नाकातलं बोलणं बंद झालंय. केव्हापासून, ते तिला आठवेना. त्यालाही विचारलं तर आठवेना.

बदलीसाठी तो दर वर्षी दरखास्त द्यायचा. दर वर्षी उत्तर यायचं, जागा नाही. धारूरला येणं म्हणजे बैलगाडी, मग रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग टांगा, मग पुन्हा बैलगाडी. मुलं झाली तशी दर उन्हाळ्याची खेप दोन उन्हाळ्यांनी होऊ लागली, मग तीन.

आणि इकडं एक गोष्ट घडत होती ती कुणाच्या लक्षात आली नाही. शेजारच्या धुळाजीचा मुलगा बिभीषण जेमतेम अक्षरओळख होऊन बार्शीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला होता. तो नाका ओलांडून पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, आईचं डोकं दुखलं तरी यायचा. येताना नारळ, लुगडं, बत्तासे. त्याची आई घरोघर बत्तासे वाटायची. आजीच्याही हातावर ठेवायची.

आजी बत्तासा हातात धरून बसायची. "बिभीषण नाका वलांडून येतोय," एकदा ती आईला म्हणाली. "आन् माजा घरच्या घरी आसून येत न्हाई."

"माय, लई लांब हाय ते," आई म्हणाली.

"लांब कावून आसंल? मंदी नाका न्हाई." तिनं विषय संपवला.

दहाबारा वर्षं ती त्याच समजुतीत होती. पुन्हा पुन्हा सांगितलं तरी तिला वाटायचं, लेकाची बाजू घेऊन बोलतायत. लेक परक्या मुलखात असता तर तिनं वाट बघितली असती, रडली असती, आणि समजून घेतलं असतं. घरात असून न येणाऱ्याला समजून कसं घ्यायचं?

एका हिवाळ्यात तिला ताप भरला आणि उतरेना. माझ्या आईला तोवर मोमिनाबादला दिलेलं होतं. ती उशाशी येऊन बसली. मामाला तार केली. रजा द्यायची तर वरून मंजुरी हवी, असं तिथल्या मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं. मंजुरी आली, मामा निघाला. तो धारूरच्या वेशीत आला तेव्हा आजीचं तेरावंही होऊन गेलं होतं.

आमच्याकडं परगावचं माणूस दारात आलं की घरच्या बाया त्याच्या गळ्यात पडून रडतात, आणि त्या रडण्यातच गेलेल्या माणसाचे शेवटचे दिवस हेल काढून सांगतात. काय खाल्लं, काय मागितलं, कुणाची आठवण काढली, सगळं. त्या रडण्यात कुणी काही झाकत नाही. तसं करायचंच नसतं. येणाऱ्याचा तो हक्क असतो. मामाची चुलती चंद्रभागाबाई सगळ्यांत थोरली, म्हणून पहिली ती पुढं आली. तिनं त्याची मान दोन्ही हातांनी धरली आणि हेल काढला.

"आलास रं माज्या राजा, उशिरा आलास रं... दूध पाजलं तर थुकली रं... दाराकडं त्वांड करून पडली रं... म्हणली, बोलवा की गं त्याला, घरीच हाय त्यो... म्हणली, नाका बी आडवा न्हाई त्याला... म्हणली, त्याला यायचंच न्हाई गं, माज्याकडं यायचंच न्हाई त्याला..."

आई सांगायची, मामा त्या मिठीत ताठ उभा राहिला. रडला नाही. बाया एकेक करून गळ्यात पडत गेल्या, आणि प्रत्येकीनं तेच सांगितलं, कारण आजी शेवटचे दिवस तेवढंच बोलत होती. सगळं झाल्यावर तो उंबऱ्यावर बसला आणि आईला विचारलं, "तिला कुणी सांगितलं न्हाई का, किती लांब हाय ते?"

"सांगितलं, दादा. रोज सांगितलं. तिला खरं वाटलं न्हाई."

तो एवढंच म्हणाला, "कसं वाटंल?" आणि चारदोन दिवसांनी परत गेला.

पुढच्या वर्षी बदलीचा हुकूम निघाला. मोमिनाबाद, इंग्रजीचा मास्तर. मोहनरावांनी म्हातारपणी कुणाकुणाचे उंबरे झिजवून ते घडवून आणलं होतं. दिलेला शब्द त्यांना खात होता. मामानं दरखास्त मागं घेतली. करार संपला तरी तो तिथंच राहिला.

वर्षश्राद्धाला तो धारूरला आला तेव्हा मोहनराव काठी टेकत टेकत जाब विचारायला आले. श्राद्धाची पंगत बसलेली होती.

"आरं कावून, बे?" मोहनराव म्हणाले. "जन्मभर हेच मागितलंस न्हवं? आता हातात आलं तर लाथाडलंस?"

मामा खाली बघत म्हणाला, "आता तिथं यिऊन कुणाला सांगू, राव, आलो म्हणून?"

मोहनराव जेवले नाहीत, तसेच घरी गेले. मामा पुढं तिकडंच पेन्शनीत निघाला आणि तिकडंच वारला. त्याची मुलं घरात तेलुगू बोलतात. आम्हाला पत्रं लिहितात ती इंग्रजीत, आणि इंग्रजी मात्र सुरेख लिहितात.

मोमिनाबादची ती शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टीतला पोरांचा गलका आमच्या ओसरीवर ऐकू यायचा. हा प्रसंग माझ्या आईनं मला किती वेळा सांगितला असेल. पण शेवटाला आली की ती मामावर चिडायची, मेलेल्या भावावरसुद्धा, आणि डोळे पुसत म्हणायची,

"कुणाला सांगू म्हणतोय! मी हुबी व्हते की थितंच, हातात वाढायचं ताट घिऊन. मला सांगायचं व्हतं."